गोड विचारायचं नाही

"यांचा स्टार्टर जळला वाटतं," म्हातारे गृहस्थ बायकोला हळूच म्हणाले.

"मग पंखे कसे फिरतायत?" बायकोने विचारलं.

मी त्यांच्या टेबलाशी ऑर्डर घ्यायला उभी होते. नोकरीचा पहिलाच आठवडा. "सर, स्टार्टर्स?" एवढंच मी बोलले होते, तेही इतक्या हळू की मला स्वतःलाही पुरतं ऐकू आलं नव्हतं. ते गृहस्थ जन्मभर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले पॉवरलूम दुरुस्त करणारे. भिवंडीत स्टार्टर म्हणजे लूमची मोटर चालू करायचा भिंतीवरचा डबा, त्याला एक हिरवं बटण आणि एक लाल. तो खातात हे त्यांना कोण सांगणार? ते उठले, चष्मा लावला आणि आमच्या हॉलच्या भिंतीवर अजून लटकत असलेल्या एका जुन्या डब्याचं झाकण उघडून आत बघू लागले.

"हा तर कधीचा मेलाय," ते मला म्हणाले. "वायरच नाही याला. कोणाला दाखवला होता?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. इतक्यात आमचे सगळ्यात जुने कॅप्टन नामदेवकाका धावत आले.

"बाबा, बसा, बसा. पोरीला इचारायचं हाय, जेवणाच्या आधी काय आणू?"

"असं होय! मग तसं विचार ना, पोरी. कबाब आण." बसता बसता त्यांनी डब्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "लाइट जाऊन आली ना, की हाताने दाबावा लागतो हा. आपोआप काही सुरू होत नाही. लोक म्हणतात लूम बिघडला."

त्या डब्याची गोष्ट अशी. आमचं हॉटेल कल्याण रोडला, कोन गावाच्या थोडं अलीकडे. पूर्वी तिथे चाचांचा लूमचा कारखाना होता. चाचा म्हणजे आमचे मालक. त्यांच्या आजोबांपासूनचा धंदा. मुलांना त्यात रस नव्हता, तेव्हा चाचांनी लूम विकले, शेड ठेवली, वर माळा बांधून तिथे फॅमिली सेक्शन केला. स्टार्टरचा डबा मात्र काढू दिला नाही. मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्या कोणाचे लूम अजून चालतात, त्यामुळे जेवताना सतत खटक-खटक चालू असतं. भिवंडीच्या माणसाला ते ऐकूच येत नाही. बंद पडलं तर तो दचकतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक मात्र विचारतं, "किचनमध्ये काय कुटतायत?"

अशा आवाजात मी ऑर्डर घ्यायची. माझा आवाज मुळात दुसऱ्या बाकावरून पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, असं शाळेत टीचर म्हणायच्या.

मग मला घेतलं कसं? फॅमिली सेक्शनला मुलगी हवी, असं चाचांच्या डोक्यात होतं. बायका-मुली मोकळेपणाने ऑर्डर देतील म्हणून. मुलाखत फार लांबली नाही. "इंग्लिश येतं?" "येस." "हिंदी-मराठी?" "हो." "बस. जास्त बोलणारे माज्याकडे भरपूर हायेत," चाचा म्हणाले आणि त्यांनी नामदेवकाकांकडे बघितलं.

घरी आईला सांगितलं की मी कॅप्टन झाले. कॅप्टन म्हणजे ऑर्डर घेणारा. ताटं आणतो तो वेटर. टेबलावरच्या माणसांना काय हवंय ते ओळखायचं, किचनला कळवायचं, कशाच्या मागून काय जायचं ते बघायचं. आईने एवढं सगळं कुठे ऐकलं? तिने शेजारी "आमची कॅप्टन झाली" असं सांगून टाकलं. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या आणि कुठल्या विमानावर, म्हणून विचारू लागल्या. पेढे आईने ठेवून घेतले.

आमच्याकडे दर महिन्याला एक बाई येतात आणि फक्त स्टार्टर खाऊन जातात. त्या एक दिवाळी अंक काढतात. "तू बोलत तर नाहीस, निदान लिही," असं त्याच म्हणाल्या, म्हणून हे लिहिते आहे. मराठीत लिहायची मला सवय नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. अजूनही 'एकोणतीस' ऐकलं की मी आधी मनात थर्टी धरते आणि मग त्यातून एक काढते. तोवर एकोणतीस नंबरची बिर्याणी एकोणीसवर पोचलेली असते.

त्या बाईंसारखीच मीही स्टार्टरच्या पक्षातली. खाण्यात तर आहेच, पण कामातसुद्धा. स्टार्टरच्या वेळी माणूस भुकेला असतो, आणि भुकेला माणूस कॅप्टनकडे बघत नाही, किचनच्या दाराकडे बघतो. माझ्यासारखीला हे फार सोयीचं. गोडाच्या वेळी पोट भरलेलं असतं, माणूस खुर्चीत रेलतो आणि त्याला एकाएकी मी दिसते. "नाव काय, बेटा? राहतेस कुठे? लग्न झालं?" एका आजींनी रबडीची वाटी संपेपर्यंत मला त्यांच्या पुतण्याची उंची, रक्तगट आणि गाडीचं मॉडेल सांगितलं होतं. तेव्हापासून गोडाची वेळ आली की मी ते टेबल नामदेवकाकांकडे द्यायची आणि त्यांच्याकडे नुकतं येऊन बसलेलं टेबल घ्यायची. काकांना गप्पा हव्या असत, मला भूक. आमचं छान जमलं होतं.

काका खारबावचे. आता निवृत्त होऊन तिथेच असतात आणि फोनवरही "आधी काय आणू?" असंच विचारतात. हे वाक्य त्यांनीच मला दिलं. 'स्टार्टर' हा शब्द माझ्या तोंडून त्यांनी बंद करवला, कारण त्या शब्दाचा एक तिसरा अर्थही होता. एका टेबलावर आजोबा, आजी, मुलगा, सून, असं भरलेलं घर बसलं होतं. मी सगळा जोर लावून आजोबांना विचारलं, "स्टार्टरमध्ये काय घेणार?"

आजोबा लालबुंद झाले. "आमी घेत न्हाय! सोडली कवाची!"

त्यांना वाटलं मी दारूबरोबरचा चकना विचारते आहे. आजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सोडली ना? मंग हिला कसं ठाव?"

'डेझर्ट' या शब्दाचं त्याहून वाईट झालं. एका मामांना मी तो विचारला तर ते म्हणाले, "नको, बंदच ठेवा, मला सर्दी झालीय." त्यांना डेझर्ट कूलर वाटला होता. तेव्हा काकांनी माझी दोन वाक्यं ठरवून दिली. आधी काय आणू? गोडात काय आणू? "येवडं बोल नि गप ऱ्हा. गप ऱ्हायला तुला शिकवायला नको," म्हणाले.

दोन वाक्यांत पुष्कळ माणसं बघून झाली. गोदामांत काम करणारी मुलं पगार झाला की घोळक्याने येतात, नुसते स्टार्टर मागवतात, तेही सुके, आणि हिरवी चटणी इतक्या वेळा मागतात की शेवटी वेटर वाडगाच ठेवून जातो. जेवणाचं नाव नाही. घरी आई वाढणारच असते. बाजार करून आलेल्या बायका याच्या उलट. पिशव्या खुर्चीवर, बुरखा मागे टाकला, की "आधी गोड आण गो. मागून पोटात जागा ऱ्हात न्हाय." त्या शाही तुकडा संपवून मग शांतपणे बिर्याणीचा विचार करतात. मला पहिल्यांदा हे चुकीचं वाटलं होतं, मग आठवलं की आमच्या घरी तरी काय वेगळं आहे? आई पुरणपोळी आणि कटाची आमटी एकाच घासात खाते. तिला मी एकदा हॉटेलात आणलं, तर गुलाबजाम तिने तंदुरी रोटीशी खाल्ला आणि मला विचारलं, "सगळं झाल्यावर गोड का देतात गं? तोंड धुवायच्या आधी?"

एक जोडपं होतं, दोघंही शाळेत शिकवून निवृत्त झालेली. सरांना साखर वर्ज्य. बाई नेहमी एकच कुल्फी मागवायच्या, "माझ्यासाठी." अशा टेबलावर दोन चमचे ठेवायचे आणि वळून पाठ करायची, हे मला काकांनी शिकवलं. पाठ करून उभं राहिलं की मागून सरांचं ऐकू यायचं, "मी फक्त कडेची घेतोय." कुल्फीला कड असते हे मला तेव्हा कळलं.

पण आमच्या कामातली खरी परीक्षा म्हणजे बघायचं टेबल.

हल्ली मुलगी बघायचा कार्यक्रम घरी कमी होतो. घरं लहान, जिने अरुंद, आणि शेजारी दारातच उभे. नकार आला तर अख्ख्या चाळीला कळतो. त्यापेक्षा हॉटेल बरं. एक घर कल्याणचं, एक वाड्याचं, तर आम्ही मधल्या रस्त्यावर. सगळ्या जातीधर्मांची टेबलं येतात आणि सगळी सारखीच दिसतात. मुलीच्या ताटातला पदार्थ संपत नाही. मुलगा पाणी जास्त पितो. मोठी माणसं ओळखीच्या माणसांच्या ओळखीचं कोणी सापडतंय का ते शोधत असतात.

या टेबलांची एक रीत आहे. कोणी ठरवली माहीत नाही, पण भिवंडीपासून मुरबाडपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक असते. सुरुवातीला फक्त स्टार्टर मागवायचे. पसंती असेल तर मुलाकडचा मोठा माणूस जेवण सांगतो आणि जेवण झालं की स्वतःच्या तोंडाने गोड मागवतो. ते गोड म्हणजे होकार. पसंती नसेल तर "आम्हाला जरा लांब जायचंय" म्हणत स्टार्टरवरूनच उठायचं. नाही हा शब्द कोणालाच उच्चारावा लागत नाही. मुलीकडच्यांनी गोड मागवायचं नसतं, ती घाई दिसते. आणि कॅप्टनने तर गोडाचं नावही काढायचं नसतं.

"बगायच्या टेबलाला गोड इचारलंस," काकांनी मला बजावलं होतं, "म्हंजे तू त्यांना निकाल इचारलास."

हे सनाभाभींना कोणी सांगितलं नव्हतं. सनाभाभी चाचांच्या सूनबाई. त्या आधी मुंबईला एका मोठ्या मॉलमधल्या रेस्टॉरंटमध्ये मॅनेजर होत्या. आमच्याकडे आल्या आणि त्यांनी हॉटेल ताब्यात घेतलं, चांगलं केलं. बाथरूम चकाचक झाले, मेनूवरची स्पेलिंगं सुधारली. पण पहिल्याच रविवारी त्या वर आल्या आणि थेट एका बघायच्या टेबलाशी जाऊन गोड हसत म्हणाल्या, "डेझर्ट में क्या लेंगे आप लोग?"

अजून स्टार्टरसुद्धा संपले नव्हते. टेबल गोठलं. मुलाचे काका नेमके मेनूकार्डच्या शेवटच्या पानावर होते. माणूस गोडाचा शौकीन असावा, बाकीचं त्यांच्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, "रसमलाई हाय? आण."

मुलीची आई उठून उभी राहिली. वडिलांनी हात जोडले. मुलीच्या आत्याने मुलाच्या आईला मिठी मारली आणि रडायला लागली. मुलाची आई काकांकडे बघत होती, काका वेटरकडे बघत होते. रसमलाई आली तेव्हा काकांना चमचा धरवत नव्हता, लोक आळीपाळीने त्यांचे हात हातात घेत होते. मुलगा आणि मुलगी मात्र पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसली, आणि मग थांबेचनात.

लग्न झालं. सुखाने चाललंय. ती दोघं येतात, मुलगी झालीय, तिला आम्ही सगळे रसमलाईच म्हणतो.

यातून नामदेवकाकांनी घेतलेला धडा असा, की मालकिणीला माळ्यावर येऊ द्यायचं नाही. सनाभाभींनी घेतलेला धडा असा, की प्रत्येक टेबलाला डेझर्ट विचारायचंच. आणि ते विचारायचं होतं मी. काकांकडे टेबल ढकलणं बंद. भाभींनी मला इंग्रजीत एक वाक्य दिलं, "कुड आय टेम्प्ट यू विथ समथिंग स्वीट?" आरशासमोर म्हणून बघ म्हणाल्या. मी बघितलं. आरशात उभ्या मुलीने मला आधी स्टार्टर तरी दे, असा चेहरा केला.

"तू ऐकू येत नाहीस गं," भाभी एक दिवस म्हणाल्या. रागाने नाही, काळजीनेच. "फॅमिली सेक्शनला मुलगी हवी ती बोलायला. नाही जमलं तर पार्सल काउंटर घे. तिथे तुला आरामच होईल."

आराम झाला असता. पार्सल काउंटरला शब्दही लागत नाही, स्क्रीनवर नंबर येतो आणि पिशवी द्यायची. एखाद्या वर्षापूर्वी मी पळत गेले असते. पण तिथून टेबलं दिसत नाहीत. आणि मला टेबलं बघायची सवय लागून गेली होती. ती लागली त्यात प्रज्ञाचा हात मोठा.

प्रज्ञा पहिल्यांदा आली ती पोपटी ड्रेस घालून, वडील आणि मावशीबरोबर. माळ्यावरचं, जिन्याजवळचं टेबल. समोर मुलाकडची माणसं. तिने पनीर टिक्क्याचा एक तुकडा घेतला, शिमला मिरची काढून बाजूला ठेवली, तुकड्याचे चार तुकडे केले आणि ते ताटात इकडचे तिकडे करत बसली. थोड्या वेळाने समोरचे म्हणाले, "आम्हाला जरा लांब जायचंय." पुढच्या वेळी दुसरी माणसं होती. तेव्हा सूप मागवलं गेलं, म्हणून काकांना आशा वाटली, पण तेही सूपवरून उठले. तिसऱ्या माणसांनी मेनूकार्ड उघडलंच नाही.

त्या दिवशी ती वर हात धुवायच्या बेसिनशी आली. मी तिथे नॅपकिनच्या घड्या घालत होते. तिचा फोन वाजला.

"हां भैया, गाडी पहले गेट पे लगाओ," टेबलावर ज्या मुलीचा आवाज मी अजून ऐकला नव्हता ती लूमच्या वर जाईल अशा आवाजात म्हणाली. "नंबर बोलो. नंबर बोलो पहले, रोना बाद में! चौदह नंबर के डॉक पे कौन है? उसको बोलो मैडम ने बोला है, गाडी खाली करो. हां. चाय पियो, जाओ."

फोन ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. मी नॅपकिनकडे बघितलं.

"गोदामात डिस्पॅच बघते," ती म्हणाली. "सगळे ड्रायव्हर मला घाबरतात." मग हात पुसत म्हणाली, "तुमच्याकडचा फालुदा कसा असतो हो?"

"चांगला असतो," मी म्हणाले.

"काय?"

"चांगला!"

"लोक म्हणतात. मी मात्र स्टार्टरच्या पुढे गेलेच नाही." ती मोठ्याने हसली. मग ओढणी नीट केली, आवाज तिथेच बेसिनपाशी ठेवून गेली आणि टेबलाशी जाऊन खाली मान घालून बसली. लोक देवळाबाहेर चपला काढून ठेवतात तसं. माझ्याकडे काढून ठेवायला काही नव्हतं, पण तिच्याकडे होतं आणि ती ठेवत होती, याचा मला का कुणास ठाऊक राग आला.

आता ती येते तेव्हा मी तिला मेनूकार्ड देत नाही. फालुद्याचा लांब दांड्याचा चमचाच आणून ठेवते. पण ते नंतरचं.

भाभींनी पार्सल काउंटरचं काढल्यानंतरच्या रविवारी दुपारी ती पुन्हा आली. तोच पोपटी ड्रेस, तेच वडील, तीच मावशी. समोर मुरबाडकडचा मुलगा, त्याची आई आणि मामा. मी "आधी काय आणू?" विचारलं. मामांनी पनीर टिक्का सांगितला, तंदुरी सांगितली. प्रज्ञाने शिमला मिरची काढून बाजूला ठेवली.

"तुम्ही खात नाही?" मुलाने विचारलं. "द्या इकडे. मला तीच आवडते."

"खरंच?"

"खरं तर मला जेवणच नको असतं. नुसते स्टार्टर दिले तरी चालतं."

"मला स्टार्टर अजिबात नकोत," प्रज्ञा म्हणाली आणि हसली. बेसिनजवळचं हसू. काकांनी पॅन्ट्रीतून मान बाहेर काढली.

पण मामा होते ना. तंदुरी संपली तेव्हा ते जेवण सांगतील असं वाटलं. त्यांनी सांगितलं, "अजून एक प्लेट तंदुरी." तीही संपली. "अजून एक." असं टेबल आम्ही कोणी बघितलं नव्हतं. वडिलांच्या कपाळावर घाम. मावशी प्रत्येक प्लेट आली की पदर सावरून बसायची.

"ह्यो मामा जेवणावर येत न्हाय नि उठत पण न्हाय," काका पॅन्ट्रीत म्हणाले. "कोंबड्या संपतील, निकाल न्हाय लागायचा."

मी पाणी द्यायच्या निमित्ताने गेले. मामा दाढ कोरत होते.

"पोरगी गोदामात हाय म्हणता ना? ड्रायव्हर लोकांशी बोलावं लागत असेल."

"ऑफिसातच असते," वडील घाईने म्हणाले. "पंख्याखाली."

"तेच ते. लग्नानंतर काय करायचं ठरवलंय तिचं?"

"मामा, त्याचं मला काही..." मुलगा म्हणाला.

"तू खा."

वडिलांनी प्रज्ञाकडे न बघता ग्लास सरळ केला. "ते आता... तुम्ही म्हणाल तसं बघू. नोकरीचं काय, सोडता येते."

प्रज्ञाने पनीरच्या चार तुकड्यांचे आठ केले. तिचा फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता आणि थरथरत होता. कोणी तरी ड्रायव्हर गेटवर रडत असणार. तिने उचलला नाही.

खालून सनाभाभींनी माझ्याकडे बघून हवेत चमचा हलवला. विचार, डेझर्ट विचार. जिन्याच्या तोंडाशी काकांनी दोन्ही हात आडवे हलवले. अजिबात नको. मी मधे उभी. भाभींना वाटत होतं की मी विचारलं नाही तर मी पार्सलला गेले, आणि काकांना वाटत होतं की मी विचारलं तर ही मुलगी पुन्हा स्टार्टरवरून घरी गेली. दोघंही बरोबर होती. पण विचारायचं ते मामांनाच, असं दोघंही धरून चालली होती. मीही तोपर्यंत धरूनच चालले होते.

टेबलाशी गेले. मामांनी मला बघून मेनूकार्ड मिटलं, मग पुन्हा उघडलं. वडील मामांकडे बघत होते. मावशी वडिलांकडे. मुलाची आई मुलाकडे. मुलगा शिमला मिरचीकडे. प्रज्ञाकडे कोणीच बघत नव्हतं, म्हणून मी बघितलं. तिनेही मान वर केली. मागे लूम चालू होते, खटक-खटक. त्यांच्या वर जायला हवं, असं मनाशी धरून मी पोटातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढला.

आणि नेमकी तेव्हाच मागच्या कारखान्याची लाइट गेली. लूम एकदम थांबले. माझं वाक्य निघालेलं होतं, ते थांबवता आलं नाही. सगळ्या शेडमध्ये तेवढं एकच वाक्य ऐकू आलं. खालच्या हॉलमधली माणसं घास हातात धरून वर बघू लागली. गल्ल्यावर चाचा उभे राहिले. मामांच्या तोंडातली दातकोरणी ताटात पडली.

प्रज्ञाने काय उत्तर दिलं ते त्या दिवशी तिथे नसलेले सगळे मला अजून विचारतात. ते तिचं आहे, मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की तेही ऐकू आलं, खालपर्यंत. माझं जे होतं ते हे:

"प्रज्ञाताई, तुम्ही सांगा. गोड आणू, की नको?"